सोसायटी ग्रुप : गच्चीवरचं सोलर आता की थांबायचं?

अमोल (बी-४०२): रविवारच्या मीटिंगआधी एक विचारतो. सोलरवर एवढा खर्च आत्ताच कशाला? फ्यूजनची, म्हणजे सूर्यासारखे हलके अणू जोडून मिळणारी वीज २०२८ मध्ये येतेय, मायक्रोसॉफ्टने हेलियन कंपनीशी करारही केलाय. दोन-तीन वर्षं कळ काढू.

देशपांडे काका (ए-१०१): अमोल, करार खरा आहे, ५० मेगावॅटचा. पण आजवर एकाही फ्यूजन यंत्राने ग्रिडला एक युनिट दिलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूलचा लेझर टाकून फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. मी तेव्हा रात्रभर वाचत बसलो होतो, इतका आनंद झाला. आता मीटरच्या भाषेत मांडा. ३.६ मेगाज्यूल म्हणजे एक युनिट. मिळालं एक युनिटही नाही, आणि तो लेझर चालवायला ग्रिडमधून घेतले ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट!

सुनीताताई (ए-३०४): आणि फ्रान्समधलं इटर, तो अनेक देशांचा फ्यूजन प्रकल्प? भारतही आहे ना त्यात?

देशपांडे काका: आहे, आणि अभिमान वाटावा असा. त्याचं क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचं थंड ठेवणारं भलंमोठं स्टीलचं भांडं, आपल्याकडे हजिऱ्याला बनलं, जवळपास ३० मीटर उंच, दहा मजली इमारतीएवढं. पण २०२४ च्या नव्या वेळापत्रकात ड्युटेरियम-ट्रिटियमचे (हायड्रोजनची दोन जड रूपं, हेच फ्यूजनचं इंधन) प्रयोग २०३९ ला धरलेत. आणि इटर वीज बनवणारच नाही, ते प्रयोगापुरतं आहे.

अमोल: पण इंधन तर समुद्राच्या पाण्यातून, जवळजवळ फुकट?

देशपांडे काका: ड्युटेरियम हो. ट्रिटियम निसर्गात मिळत नाही म्हटलं तरी चालेल, ते लिथियमपासून यंत्रातच तयार करावं लागेल. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतल्या भिंती खराब होतात, त्या बदलत राहायच्या. खरा पैसा यंत्रात जाणार, इंधनात नाही.

सुनीताताई: मी आत्ताच कॉमन मीटरचं बिल काढलं. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. वीज कुठूनही आली तरी तारा-खांबांचे पैसे द्यावेच लागणार की.

देशपांडे काका: अगदी बरोबर. फ्यूजन व्हायलाच हवं, माझ्या नातवंडांसाठी तर हवंच. पण लिफ्ट आणि पंपाचं बिल या महिन्यात भरायचंय.

सेक्रेटरी (सी-२०२): सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. कोटेशन्स रविवारी मांडतो.

अमोल: ठीक आहे, माझी हरकत नाही. फक्त पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडणार नाही ना?

देशपांडे काका: शनिवारी तीनला गच्चीवर ये. खडू घेऊन येतो, सावली आखून ठेवू.