सर्व्हेचा फोन आला तर काय करायचं?

*बी-३०४, काकू:* आज कुणाला सर्व्हेचा फोन आला का? पाणी, कचरा, फुटपाथ याबद्दल विचारायचंय म्हणाली मुलगी. फ्रॉड वाटला, ठेवून दिला.

*ए-७०२:* बरं केलंत काकू. हल्ली कुणाचा भरवसा नाही.

*सेक्रेटरी:* काकू, नंबर ग्रुपवर टाका. सगळे मिळून फोन करू आणि पाण्याच्या प्रेशरचं सांगून टाकू.

*सी-१०१, ताई:* नंबर नका टाकू प्लीज. निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या सर्व्हेत कुणाला फोन लावायचा हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. आपण पन्नास जणांनी मुद्दाम फोन केले तर ते अख्ख्या मुंबईचं मत राहत नाही, आपल्या सोसायटीचं होतं. अमेरिकेत १९३६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एका साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदींवरून सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, तरी अंदाज साफ चुकला. रूझवेल्ट हरणार असं साप्ताहिकाने सांगितलं होतं, पण ते ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. फोन आणि गाडी असलेले लोक म्हणजे सगळा देश नव्हे, आणि पत्रिका परत पाठवण्याची तसदीही ठरावीक लोकच घेतात. उद्या आपल्यासारख्या टॉवरमधलीच उत्तरं जमली, तर गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतल्या नळाचं काय, हे त्या आकड्यात कुठे दिसणार?

*ए-७०२:* पण ताई, सव्वा कोटींच्या शहरात हजार जणांना विचारून काय कळणार?

*सी-१०१, ताई:* निवड नीट झाली असेल तर पुष्कळ कळतं. हजार उत्तरांत साधारण ३ टक्के इकडे-तिकडे, शहर केवढंही मोठं असो. मात्र तेच हजार पंचवीसेक वॉर्डांत वाटले की एका वॉर्डाला चाळीसेक येतात आणि चूक १५ टक्क्यांवर जाते. म्हणून पेपरात ‘अमुक वॉर्ड सर्वांत नाराज’ असं आलं, तर आधी त्या वॉर्डातून किती जण बोलले ते बघा.

*बी-३०४, काकू:* अगं, पण खरा फोन ओळखायचा कसा?

*सी-१०१, ताई:* सर्व्हे कुणासाठी आणि किती मिनिटांचा, हे सुरुवातीलाच सांगतात. वय, पिनकोड विचारतील. ओटीपी, आधार किंवा बँकेचा नंबर मागितला, लिंक पाठवली, तर लगेच ठेवा. नको त्या प्रश्नाला ‘उत्तर द्यायचं नाही’ म्हणता येतं.

*बी-३०४, काकू:* परत आला तर सुनेला देऊ का? तिला जास्त माहिती असते.

*सी-१०१, ताई:* नाही काकू, तुम्हीच बोला! मोबाइल ज्याचा, मत त्याचं. लँडलाइनवर तर घरात शेवटचा वाढदिवस कुणाचा झाला ते विचारून त्याच माणसाला बोलावतात, नाहीतर नेहमी फोन उचलणाऱ्याचंच मत जातं. सकाळी सातला नळाशी तुम्ही असता, फुटपाथवरून भाजी घेऊन तुम्ही येता. तुमचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. खरा असेल तर बहुतेक संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा लावतील. दुपारीच फोन केले तर नोकरीवाले राहून जातात.

*सेक्रेटरी:* मग प्रेशरचं?

*सी-१०१, ताई:* ती तक्रार आहे, पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर नोंदवा. सर्व्हेवाल्यांना फक्त मत टिपायचं असतं, प्लंबर त्यांच्याकडे नसतो.

*सेक्रेटरी:* ओके ताई. बी विंगवाल्यांनी पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कमी येतं ते आज रात्रीपर्यंत कळवा. उद्या सकाळी नोंदवून तक्रार क्रमांक इथे टाकतो.