कोरियन पितरपूजेच्या पांढऱ्या डिशमध्ये फराळ वाढला तर चालेल का?

सोलकर_तूर्तास:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या सोलमध्ये आहोत. दापसिम्नीला जुन्या वस्तूंच्या दुकानांतून एक पांढरी पोर्सेलिनची डिश घेतली, वर सपाट ताटली, खाली उंच अष्टकोनी पाया आणि मधोमध गोलात निळं चिनी अक्षर. दुकानदार आजोबा म्हणाले ही ‘जेगी’, पितरांच्या पूजेची, १९व्या शतकातली. दिवाळीला पाहुणे येणारेत तर त्यात करंज्या मांडायच्या असं डोक्यात आहे, पण सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या कुणाच्या श्राद्धाचं भांडं घरात कशाला आणलंस, आणि मैत्रीण म्हणते जुन्या ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या लेपात) शिसं असतं. कुणाचं ऐकू?

मातीकाम:
शिशाचं टेन्शन सोड. शिशाचं ग्लेझ कमी तापमानाला भाजतात. चोसन काळातलं, म्हणजे कोरियाच्या जुन्या राजवटीतलं पांढरं पोर्सेलिन १२०० डिग्रीच्या वर भाजलेलं असतं, ग्लेझ दगडाच्या भुकटीचं आणि राखेचं. निळा रंग कोबाल्टचा, तोही ग्लेझच्या खाली, त्यामुळे खाण्याला लागतच नाही.
खरी भीती डागडुजीची. कडेचा टवका इपॉक्सीने भरून वरून रंग मारलेला असला तर साध्या डोळ्याला कळतही नाही, आणि तो रंग पोटात जायला नको. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघ, भरलेला भाग वेगळा चमकतो. बोटाने टिचकी मार, आवाज बद्द आला तर तडा आहे. आणि ग्लेझला बारीक जाळी पडली असेल तर हळद-तेलाचं काही ठेवू नकोस, पिवळी रेघ आत बसली की जन्मात निघत नाही. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर विसर. पायाच्या बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली असते, टेबलावर सरकवलीस की ओरखडे नक्की.

ग्यॉन्गीची_सून:
माझं सासर कोरियन म्हणून लिहिते. चुसॉकला (सुगीचा सण) आणि सोल्लालला (चांद्र नववर्ष) सकाळी चार्ये म्हणजे पितरांची पूजा होते तेव्हा उंच पायाच्या ताटल्यांत फळं, जॉन (तव्यावर तळलेल्या चपट्या वड्या) वगैरे रचतात, सफरचंद आणि नासपतीचा वरचा भाग कापून ठेवतात, पीच मात्र अजिबात नाही, त्याने भुतं पळतात आणि मग आपले पितर पण येत नाहीत म्हणे! पूजा झाली की तेच सगळं घरचे मिळून खातात, त्याला उम्बोक म्हणतात, आपल्या नैवेद्यासारखंच. फक्त खाताना ते साध्या ताटल्यांत काढून घेतात. जेगी धुऊन पुसून पुढच्या पूजेपर्यंत कपाटात.
आता सासूबाईंचा मुद्दा. जुन्या मंडळींना तो इथेही पटेल, कारण कन्फ्युशियन लीजी ग्रंथातच आहे की गरिबी आली तरी पूजेची भांडी विकू नयेत आणि निकामी झाली तर पुरून टाकावीत. तरी बाजारात ढिगाने येतात, कारण घरोघरी आता लाकडी किंवा स्टीलचे सेट आलेत आणि पूजाच कमी झाल्यात. उंच पायाच्या ताटलीत गोड पदार्थ देणारी हॉटेलं सोलमध्ये आहेत, कुणी नाक मुरडत नाही. मी असते तर खुशाल वापरली असती, फक्त नवऱ्याच्या आजीला जेवायला बोलावलं असतं त्या दिवशी नाही.

खापर:
१९वं शतक कशावरून? आजोबा म्हणाले म्हणून? या अक्षराच्या नकला पैशाला पासरी आहेत. खरी असली तर बहुतेक सोलजवळच्या ग्वांगजूमधल्या बुनवॉनची. आधी तिथल्या सरकारी भट्ट्या दर दहाएक वर्षांनी सरपण संपलं की हलवायचे, १७५२ला बुनवॉन-रीला कायमच्या बसवल्या, नदीतून लाकूड आणायची सोय होती म्हणून. १८८०च्या दशकात त्या खाजगी हातात गेल्या. शेवटच्या काळातला माल जरा निळसर पांढरा दिसतो. तुझी दुधासारखी पांढरीशुभ्र आणि एकसारखी गुळगुळीत असेल तर मला शंका आहे. बुडाचा फोटो टाक.

सोलकर_तूर्तास:
बाप रे किती माहिती! निळसर झाक आहे, बुडाला वाळूपण आहे. टिचकीचा आवाज खणखणीत येतोय पण कडेला एका जागी बोटाला गुळगुळीत जास्त लागतंय, टॉर्च मागवते. पुढच्या वर्षी पुण्याला परत जाणार, तेव्हा बॅगेत टाकून नेली तर चालेल ना?

मातीकाम:
तशीच नेऊ नकोस! जुन्या वस्तू कोरियाबाहेर न्यायला बंधनं आहेत. इंचॉन विमानतळावर तपासणीचं ऑफिस आहे, तिथे दाखवून ‘निर्यातबंदीत येत नाही’ असा कागद घ्यायचा. फ्लाइटच्या दिवशी धावपळ नको, आधीच विचारून ठेव. आणि दुकानाची पावती जपून ठेव.

खापर:
बुडाचा फोटो राहिला.