हॉलच्या फरशीचा हिशेब: माझे 239 फूट, मिस्त्रीचे 275

मिरजवाला
जुनी शहाबादी काढून हॉलमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स टाकतोय. हॉल एल आकाराचा: मोठा भाग 16 फूट 6 इंच × 10 फूट 6 इंच, त्याला लागून जेवायची जागा 8 फूट × 7 फूट 9 इंच. मोबाइलवर 16.6 × 10.6 आणि 8 × 7.9 करून बेरीज घेतली, 239 आली. मिस्त्री म्हणतो 275 फूट माल आणा. 36 फूट जादा! गंडवतोय का? मजुरीही फुटावरच ठरलीय.

टेपवाला
बारा वर्षं साइटवर मापं घेतली, म्हणून बोलतो. आधी तुमचंच चुकलंय. 6 इंच म्हणजे .6 नव्हे हो, साडे! फुटाचे इंच बारा. साडेसोळा गुणिले साडेदहा 173.25, आठ गुणिले पावणेआठ 62. एकूण 235.25. तुमचं नशीब, फरक चारच फुटांचा पडला. 10 फूट 10 इंचांना 10.10 मारलं असतंत तर जवळपास पाऊण फूट लांबीच गायब.

आता मिस्त्री. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लागणारी टाइलची पट्टी, धरलंत का? एल आकाराचा घेर बाहेरच्या पूर्ण आयताएवढाच असतो, आत वळलेल्या कोपऱ्याने तो कमी होत नाही. साडेसोळा अधिक सव्वाअठरा (साडेदहा नि पावणेआठ मिळून), त्याची दुप्पट 69.5. दारांचे साडेनऊ वजा केले तर 60 फूट. चार इंची पट्टी म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, 20 चौरस फूट झाले. 235 आणि 20 मिळून 255, त्यावर तुटफूट आठ टक्के. आले की 275!

पण मजुरी 275 वर देऊ नका. मजुरी बसवलेल्या फरशीची, म्हणजे 235 ची. स्कर्टिंगचा दर रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा ठरवा. घोळ होतो तो इथेच.

अर्धी_वीट
सरळ बसवणार असाल तर तुटफूट पाच टक्के पुरे, तिरकी असेल तर दहाच्या वर जाते. बॉक्सवरचं माप मात्र वाचा. चार टाइल्स म्हणून दुकानदार 16 फूट धरतो, पण टाइल 600 मिलिमीटरची, दोन फुटांना जरा कमी. बॉक्स 1.44 चौरस मीटरचा, म्हणजे साडेपंधरा फूट. पाच टक्क्यांनी 268 लागतील. सोळाने भागलं तर 17 बॉक्स, साडेपंधराने 18. तो अठरावा नंतर आणायला गेलात आणि शेड जुळली नाही, की बसा.

मिरजवाला
18 बॉक्स सांगितले, सगळे एकाच बॅचचे. मिस्त्रीला 235 चा हिशेब दाखवला तर म्हणाला, "साहेब, मी मालाचं बोललो, मजुरीचं कुठं?" मी काही बोललो नाही. स्कर्टिंगचा दर मात्र अजून ठरत नाहीये. तुमच्याकडे रनिंग फुटाला काय चाललंय?