अनुभव धागा : साथीच्या काळात मिशनच्या शाळेची दुहेरी तयारी

वसईत, गोव्यात, मुंबईच्या उपनगरांत किंवा परदेशात ज्यांचा कॅथलिक शाळांशी शिक्षक, पालक, विद्यार्थी अथवा कर्मचारी म्हणून संबंध आहे, त्यांच्यासाठी हा धागा आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढची दोन वर्षे त्या कधी उघडत, कधी मिटत राहिल्या. या काळात वर्गातले शिकवणे आणि घरी बसलेल्या मुलांचे शिकवणे अशी दोन्ही तयारी एकाच शाळेला एकाच वेळी करावी लागली. ती आपल्या शाळेने कशी केली, काय जमले आणि काय फसले, हे कृपया तपशिलाने लिहावे. आजारपणाच्या आठवणी सगळ्यांकडेच आहेत. येथे मात्र शाळेपुरतेच बोलू या. शाळेचे नाव लिहिले नाही तरी चालेल.

निवृत्त मुख्याध्यापिका, अनुदानित मराठी माध्यम, वसई

आमची शाळा धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाची, आहे. चर्च, शाळा आणि दफनभूमी एकाच आवारात आहेत आणि शाळेचे मॅनेजर फादर हेच चर्चचे प्रमुख धर्मगुरू असतात. ही रचना बाहेरच्या माणसाला जुनाट वाटेल, परंतु २०२० मध्ये आमची निम्मी तयारी तिच्यामुळेच झाली, असे मी आजही मानते.

जून महिन्यात ऑनलाइन वर्ग सुरू करण्याचे ठरले तेव्हा कोणत्या घरात कोणता फोन आहे, याची यादी आमच्याकडे नव्हती. शिक्षकांपैकी काही जण रेशन दुकानांवर आणि काही जण तपासणी नाक्यांवर नेमलेले होते, त्यामुळे गृहभेटीला माणूस नव्हता. तेव्हा फादरांनी सुचवले की धर्मग्रामाचे जे छोटे ख्रिस्ती समूह आहेत, त्यांच्या प्रमुखांना ही माहिती विचारावी. वीस-पंचवीस घरांचा एक समूह असतो आणि त्याच्या प्रमुख बाईंना कोणाच्या घरी किती माणसे आहेत, कोणाचे काम सुटले आहे, कोणाचा फोन नवरा कामावर घेऊन जातो, हे सगळे ठाऊक असते. चार दिवसांत यादी हातात आली. तिच्यात आमच्या बिगरख्रिस्ती विद्यार्थ्यांची घरेही आली, कारण वाडीत शेजार धर्म पाहून होत नाही. यादी वाचल्यावर मात्र माझे धैर्य खचले. निम्म्याहून अधिक घरांत एकच स्मार्टफोन होता आणि तो संध्याकाळी सातनंतरच मुलांच्या हाती येत होता. सकाळी दहाचे वेळापत्रक आम्ही त्याच दिवशी फाडले.

पाचवी ते सातवीसाठी मग स्वाध्याय पत्रिका काढल्या. त्यांचे गठ्ठे रविवारी समूहप्रमुखांकडे जात आणि पुढच्या रविवारी सोडवून परत येत. राज्य शासनाने जुलैमध्ये पंचवीस टक्के पाठ्यक्रम कमी केला, तेव्हा आधीच झेरॉक्स काढलेल्या काही पत्रिका वाया गेल्या, याचे मला पैशांपेक्षा कागदासाठी वाईट वाटले. पहिली ते आठवीसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झाल्यावर तिच्या वेळा आम्ही पत्रिकेच्या कोपऱ्यात छापू लागलो, आणि ज्या घरात फोन नव्हता पण दूरदर्शन संच होता, तेथे त्याचा खरा उपयोग झाला.

प्रत्यक्ष वर्गांची तयारी दिवाळीत सुरू झाली. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली आणि शासनाने नववी ते बारावीच्या वर्गांसाठी २३ नोव्हेंबर ही तारीख दिली. चर्चच्या बाकांवर अंतरासाठी लाल पट्ट्या चिकटवणारी तरुण मुले त्याच पट्ट्यांची उरलेली गुंडाळी घेऊन शाळेत आली आणि त्यांनी एका दुपारी वर्गांतली बाके आखून दिली. एका बाकावर एक विद्यार्थी, पुढच्या बाकावर विरुद्ध टोकाला, असे नागमोडी बसवले तर आमच्या वर्गात जेमतेम तेवीस मुले मावत होती आणि पटावर सत्तावन्न होती. स्थानिक प्रशासनाने तारीख पुढे नेली, तेव्हा चिकटवलेल्या पट्ट्या धुळीने सुटल्या आणि सगळे काम पुन्हा करावे लागले.

एक अडचण इतर शाळांना आली नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्याकडे एका तासिकेला ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला आणि इतर मुले मूल्यशिक्षणाला जातात, म्हणजे तुकड्या मोडून दोन वर्गांत नव्याने बसतात. साथीत तुकड्या मिसळायच्या नाहीत हा पहिला नियम होता. काही पालकांना धर्मशिक्षण थांबणे पटणारे नव्हते. शेवटी ते रविवारी सकाळी ऑनलाइन नेले आणि शाळेत सगळ्यांना एकच मूल्यशिक्षण ठेवले. माझ्या मते ते आधीपेक्षा बरे झाले, पण हे मत संस्थेच्या बैठकीत मी एकटीनेच मांडले होते.

विज्ञान शिक्षिका, नववी-दहावी

वरच्या बाईंनी तयारीबद्दल लिहिले आहे. मी फक्त वर्गाबद्दल लिहिते. शाळा सुरू होण्यापूर्वी आमची आरटीपीसीआर चाचणी झाली. पालकांची लेखी संमती घ्यायची, हजेरीची सक्ती करायची नाही, चार तासांपेक्षा जास्त शाळा भरवायची नाही, अशा मार्गदर्शक सूचना होत्या. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय प्रामुख्याने वर्गात शिकवायचे आणि बाकीचे ऑनलाइन, असे ठरले, त्यामुळे माझ्यासारख्यांवर दोन्हीकडचा भार आला.

सोमवारी अर्धी मुले समोर असत आणि अर्धी घरी, मंगळवारी उलट. एकच पाठ दोनदा शिकवायचा तर वर्ष पुरणार नव्हते, म्हणून समोरच्यांना शिकवतानाच घरच्यांना दाखवायचे ठरले. ईस्टरच्या सुमारास चर्च बंद असताना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) थेट प्रक्षेपित करायला शिकलेली तरुण मंडळी आम्हाला शिकवायला आली. त्यांच्याकडे कॅमेऱ्याची तिकाटणे होती, परंतु ती चर्चची असल्याने शनिवार-रविवारी परत द्यावी लागत आणि सोमवारी सकाळी ती मिळत नसत. मग मी दोन डस्टर एकमेकांवर ठेवून त्यांना केसांच्या रबराने फोन बांधू लागले. पहिल्याच दिवशी घरून एका मुलाचा संदेश आला, “टीचर, फळा चकाकतोय.” खिडकीचा उजेड फळ्याच्या उजव्या भागावर पडत होता. तेव्हापासून मी फक्त डाव्या अर्ध्या भागावर, पिवळ्या खडूने, नेहमीच्या दुप्पट आकारात लिहू लागले. आजही माझे अक्षर फळ्यावर अकारण मोठे येते.

खरी ओढाताण आवाजाची होती. मास्कमधून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे म्हणून मोठ्याने बोलले, की घरच्या मुलांना आवाज फाटलेला ऐकू येई; फोनजवळ जाऊन बोलले, की वर्गातली मुले माझी पाठ पाहत. समोरच्या मुलाने शंका विचारली तर ती घरच्यांना ऐकू जात नसे, म्हणून प्रत्येक प्रश्न मी पुन्हा उच्चारत असे. एका तासिकेत मी पूर्वी जेवढे शिकवत असे, त्याचे जेमतेम दोन तृतीयांश होत होते. दोन्हीकडे एकाच वेळी शिकवता येते असे ज्यांनी कागदावर लिहिले, त्यांनी एक दिवस डस्टरला फोन बांधून पाहावा.

दहावीचा विद्यार्थी, २०२१ ची तुकडी

आमची परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली आणि १६ जुलैला निकाल लागला. शंभरपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावरून आणि वीस तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठावरून, असे सूत्र होते. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पण आमच्या नववीची वार्षिक परीक्षा तरी कोठे झाली होती? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्याने तो निकालही पहिल्या सत्रावरून लावलेला होता. म्हणजे नववीच्या दिवाळीपूर्वी मी जो अभ्यास केला होता, त्यावर माझ्या दहावीचे अर्धे गुण उभे राहिले आणि त्या सत्रात मी फुटबॉल खेळत होतो.

शाळेने मात्र एक काम नेमके केले होते. आमच्या टीचरांनी सराव परीक्षांचे पेपर, ऑनलाइन असोत वा वर्गातले, तारखेसह छापून घेऊन प्रत्येकाच्या नावाच्या फायलीत लावले होते, तेव्हा आम्ही त्यांना हसत होतो. सूत्र जाहीर झाल्यावर त्या तीस गुणांचा पुरावा आमच्याकडे तयार होता. शेजारच्या गावातल्या माझ्या मित्राच्या शाळेत जूनमध्ये घाईघाईने चाचण्या घ्याव्या लागल्या.

धर्मभगिनी, पालघर जिल्ह्यातील आदिवासी भाग

आमच्याकडे दूरशिक्षण हा शब्द अक्षरशः खरा होता. मुलींचे वसतिगृह मार्चमध्ये रिकामे झाले आणि मुली आपापल्या पाड्यांवर गेल्या. काही पाड्यांवर फोन लागायला टेकडीवर चढावे लागते. ऑनलाइन वर्गाचा विचार आम्ही आठवडाभरात सोडून दिला. दोघी सिस्टर आणि एक शिक्षक मोटारसायकलवरून वह्या, पत्रिका आणि माध्यान्ह भोजनाचा कोरडा शिधा घेऊन जात असू. शिधा घ्यायला पालक येत, म्हणून वहीही तेथेच तपासायची, असा मेळ घातला. आंब्याखाली पाच-सहा मुली अंतर ठेवून बसत आणि तास-दीड तास शिकवणे होई.

हे पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ चालले. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघाली आणि मुली त्यांच्याबरोबर गेल्या. एरवी वसतिगृह असते म्हणूनच त्या मागे थांबतात. कोणत्या भट्टीवर कोण गेले, याची नोंद आम्ही ठेवली आणि दोन भट्ट्यांपर्यंत पोहोचलोही, पण मालकाच्या मुकादमाने दुसऱ्यांदा येऊ दिले नाही. शाळा उघडल्यावर सातवीच्या चार मुली परत आल्या नाहीत. त्यांपैकी दोघींची लग्ने झाली होती. त्या वर्षीच्या अहवालात आमच्या शाळेचे दूरशिक्षण यशस्वी म्हणून लिहिले गेले. तो मसुदा माझ्याच हातचा होता.

पालक, शिकागोजवळील उपनगर

माझे माहेर वसईचे. माझी मुलगी २०२० मध्ये दुसरीत होती. ऑगस्टमध्ये शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांनी ऑनलाइन सुरुवात करण्याचे ठरवले असताना, तेथल्या आर्चडायोसिसच्या (कॅथलिक महाधर्मप्रांताच्या) शाळांनी प्रत्यक्ष वर्ग उघडले आणि ज्यांना नको असेल त्यांना घरून शिकण्याची मुभा दिली. वर्गातली मुले दिवसभर एकाच गटात राहत, जेवणही वर्गातच होई आणि मिस्सेत गाणे बंद होते. रोज सकाळी मुलाला ताप-खोकला नाही, हे पालकाने फोनवरच्या अर्जात भरल्याशिवाय गाडीतून उतरू देत नसत.

हे वाचून वसईच्या शाळा मागे पडल्या असे कोणी समजू नये. येथे वर्गात अठरा मुले होती, प्रत्येकाला शाळेचा टॅबलेट होता आणि शाळा फीवर चालत होती. मुले गेली की शाळा बंद, हा धाक खरा होता: त्या वर्षी अमेरिकेतील कॅथलिक शाळांची पटसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि दोनशे नऊ शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. वसईच्या अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार शासनाकडून येतो. तेथे घाई करण्याचे ते कारण नव्हते. माझ्या मुलीच्या वर्गात एक रुग्ण निघाला, की सगळा गट चौदा दिवस घरी बसे आणि त्याच संध्याकाळी टॅबलेटवर वर्ग सुरू होई. असे तीनदा झाले. दुसऱ्या दिवशीचे दप्तर रोज रात्री दोन्ही शक्यता धरून भरून ठेवायची सवय मला तेव्हा लागली.

शिपाई, त्याच आवारातली शाळा

मुख्याध्यापिका बाईंच्याच शाळेत मी आहे. पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड बाजारात महाग होते, म्हणून आमच्याच गावातल्या वेल्डिंगवाल्याने सळ्यांचे सहा स्टँड करून दिले. पिण्याच्या पाण्याचे नळ बांधून टाकले. दीड वर्ष टाकी न वापरल्याने तळाशी गाळ बसला होता, तो दोनदा उपसला. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात व्हरांड्याचे पत्रे उडाले आणि आखलेली बाके भिजली. त्या पट्ट्या मी तिसऱ्यांदा चिकटवल्या, हे बाईंनी लिहायचे राहिले.

प्राथमिक शिक्षिका, पहिली-दुसरी

मोठ्या मुलांबद्दल बरेच लिहून झाले. आमची मुले सगळ्यांत शेवटी, डिसेंबर २०२१ मध्ये आली. जून २०२० मध्ये ज्यांचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ती मुले दुसरीचे अर्धे वर्ष संपल्यावर प्रथमच वर्गात बसली. जानेवारीत पुन्हा काही आठवडे शाळा बंद झाली, हे वेगळेच.

दीड वर्षाच्या स्वाध्याय पत्रिका मी कपाटात नावानिशी बांधून ठेवल्या होत्या. त्या सुंदर होत्या. चित्रे रंगवलेली, अक्षर वळणदार. पहिल्या आठवड्यात मी मुलांना फळ्यावरची एक ओळ उतरवायला सांगितली आणि प्रत्येक वही त्या गठ्ठ्यांशी ताडून पाहिली. फोनच्या काचेवर बोटाने ‘क’ गिरवणाऱ्या मुलांना पेन्सिल कोठे धरायची हे उमगत नव्हते. गठ्ठ्यांतले वळणदार अक्षर आयांचे होते आणि एका घरात तर मोठ्या बहिणीचे. मी कोणाला बोलले नाही. त्या आयांनी पत्रिका रिकामी परत पाठवली नव्हती, हेही मला दिसत होते. पालकसभा ऑनलाइनच घेतली आणि दुसरीच्या मुलांसाठी पहिलीची दुरेघी वही आणायला सांगितली.