लिंक एक्स्चेंज करू का? होमस्टेच्या साइटसाठी सल्ला हवाय

खाडीकाठ: नमस्कार मंडळी, आंजर्ल्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. 'आंजर्ले होमस्टे' सर्च केलं की वर सगळ्या बुकिंगवाल्या मोठ्या साइट, आमची थेट तिसऱ्या पानावर. आता एकाचा मेल आलाय, त्याच्या ४० साइट आपल्याला लिंक देणार आणि आपण फूटरमध्ये (पानाच्या तळाशी) त्यांच्या लिंक टाकायच्या, म्हणजे सर्चमध्ये वर येऊ, पैसे नाहीत म्हणतो. यादीत लोनवाले, प्लंबर, मंगल कार्यालयं असं काय काय आहे. करू का? फेब्रुवारीत कासवांची पिल्लं बघायला लोक यायला लागतील म्हणून घाई आहे.

मसालेवाली: दादा, अजिबात करू नका. माझ्या मसाल्यांच्या साइटला एका एजन्सीने असंच पॅकेज दिलं होतं, दोन महिने ट्रॅफिक वाढलं, मी खूश, आणि मग एका सकाळी सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं टूल) उघडते तर मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलने साइटवर कारवाई केल्याचा मेसेज, अनैसर्गिक लिंक्स. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी गेल्या. एकेका साइटवाल्याला मेल करून लिंक काढायला लावल्या, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्या डिसअव्हाव केल्या, म्हणजे त्या धरू नका असं गूगलला कळवलं, मग गूगलकडे पुन्हा तपासणीचा अर्ज. खूप रडले तेव्हा. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहितेय.

जुनाखेळाडू: ताईंशी सहमत. 'तू मला लिंक दे, मी तुला देतो' हे अतिप्रमाणात करणं गूगलच्या स्पॅम पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय. एप्रिल २०१२ ला गूगलचं पेंग्विन अपडेट (सर्चमध्ये नकली लिंका पकडणारा बदल) आलं तेव्हा असल्या लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट खाली गेल्या. कोणी सांगेल की तिघांत फिरवू, म्हणजे अ ने ब ला, ब ने क ला, तर तोही तोच प्रकार.
पण शेजारीपाजारी एकमेकांना लिंक देणं यात काही वाईट नाही हां. हर्णैहून सुवर्णदुर्गला नेणारा बोटवाला असेल, दापोलीचा गाडीवाला असेल, तुमच्या पाहुण्याला खरंच कामाचा आहे ना, मग द्या, त्यानेही दिली तर उत्तम. गूगल नसतं तरी ही लिंक दिली असती का, एवढंच स्वतःला विचारायचं. आणि कुणी पैसे देऊन लिंक मागितली तर तिला स्पॉन्सर्ड टॅग लावायचा, म्हणजे ती पैशाची लिंक आहे हे गूगलला कळतं.

खाडीकाठ: बरं झालं विचारलं, त्याला नाही कळवतो. पण मग लिंक मिळणार कुठून?

मसालेवाली: तुमच्याकडे जे आहे ते त्या मोठ्या साइटींकडे नाहीये. एक पान करा, कासवं कुठल्या महिन्यात बघायला मिळतात, किनाऱ्यावर किती वाजता पोचायचं, टॉर्च का मारायचा नाही, कड्यावरच्या गणपतीला म्हातारी माणसं कशी जातील, पुण्याहून येताना कुठला घाट, रस्ता आत्ता कसा आहे. फोटो स्वतःचे. दर आठवड्याला अपडेट करा. ट्रॅव्हल ब्लॉगवाले अशी माहिती शोधतच असतात, तुमच्याकडे राहून गेलेल्यांपैकी कोणी लिहिणारं असेल तर त्यांना पानाची लिंक पाठवा, आवडलं तर देतील.

जुनाखेळाडू: आणि गूगल मॅप्सवरचं प्रोफाइल आजच भरा, होमस्टेला तिथूनच जास्त फोन येतात. साइटवर आणि मॅप्सवर नाव, पत्ता, नंबर एकसारखा ठेवा.

खाडीकाठ: मॅप्सवर जुनाच नंबर होता! आत्ताच बदलला. पानाचं काम रात्री जेवणं उरकली की घेतो, तयार झालं की इथेच टाकतो, बघून सांगा.