हेलिओस ४४-२ : गरगरणारं बॅकग्राउंड माझ्याच फोटोत का येत नाही?

उनाड_शटर

मंडळी, एक जुनी हेलिओस ४४-२ लेन्स हाती लागलीये. ५८ मिमी, एफ/२ (हे भोक पूर्ण उघडं, आकडा वाढला की भोक लहान), एम४२ म्हणजे आट्यांनी बसणारं स्क्रू माउंट. बॉडी एपीएस-सी (लहान सेन्सरची) मिररलेस (आत आरसा नसलेली) आहे आणि मधे बिनकाचेचा साधा अॅडॅप्टर. नेटवर हिचे जे फोटो दिसतात त्यात मागची पानं कशी माणसाभोवती गोल गोल फिरल्यासारखी दिसतात, तसलं काही माझ्याकडे येतच नाहीये. साधं मऊ बॅकग्राउंड येतं, जे कुठल्याही लेन्सने आलं असतं. शिवाय उन्हात काढलेले फोटो धुतल्यासारखे फिके.

अजून दोन गोष्टी. हिला अॅपर्चरच्या (उजेड आत येतो त्या भोकाच्या) दोन रिंगा का आहेत? एक कटकट करत फिरते, दुसरी नुसतीच सरकते, आणि कधी कधी एफ/८ वर लावूनही भोक लहान-मोठं करणारी पाती उघडीच राहतात. आणि फोकस इन्फिनिटीच्या (सगळ्यात लांबच्या) खुणेवर नेला की लांबचं सगळं अंधुक, थोडं अलीकडे आणलं की एकदम कडक शार्प. लेन्स बिघडलेली आहे का माझं काही चुकतंय? मॅन्युअल लेन्स आयुष्यात पहिल्यांदाच वापरतोय, त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगा.

काचवेडा

लेन्स बहुतेक ठणठणीत आहे. गरगर न येण्याचं पहिलं कारण तुझा सेन्सर. तो इफेक्ट फ्रेमच्या कडांना असतो, मधे नसतोच. फुल फ्रेमचा (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) कोपरा मध्यापासून २१.६ मिमीवर आणि तुझ्या सेन्सरचा साधारण १४ मिमीवर, म्हणजे जिथे खरी मजा सुरू होते तो भाग तुझा कॅमेरा कापूनच टाकतो.

आता हे होतं कशामुळे ते लेन्स हातात घेऊनच बघ. कॅमेऱ्यावरून काढ, एफ/२ ला पूर्ण उघड, उजेडाकडे धर आणि आरपार बघत हळूहळू तिरकी कर. सरळ बघताना भोक गोल दिसतं, तिरकं झालं की पुढची कड आणि मागची कड दोन्हीकडून ते कापतात आणि लिंबासारखा आकार उरतो. फोटोत मागे प्रकाशाचे जे ठिपके फुटतात ते याच भोकाच्या आकाराचे असतात. मधले गोल, कडेचे लिंबं, आणि प्रत्येक लिंबाची लांब बाजू मध्याभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने. त्यात या डिझाइनमधे अॅस्टिग्मॅटिझम (कडेचा बिंदू रेघेसारखा ताणणारा दोष) आणि फील्ड कर्व्हेचर (फोकस सपाट न पडता वाकलेला पडणं) नीट सुधारलेलं नाही, त्यामुळे कडेची पानं अजून ओढल्यासारखी होतात. दोन्ही मिळून ती गरगर.

आता तसंच तिरकं धरून एफ/४ ला बंद कर. भोक जवळजवळ पूर्ण दिसेल, कारण आता कापणाऱ्या कडा आड येतच नाहीत. म्हणून एफ/४ ला गरगर गायब. ती हवी असेल तर एफ/२, फार तर एफ/२.८.

आणि बॅकग्राउंड! नुसती भिंत किंवा आकाश मागे ठेवलंस तर फिरायला काही उरतच नाही. पानांमधून उजेडाची भोकं दिसणारं दाट झाड लागतं. माणूस दीडेक मीटरवर आणि झाड त्याच्या मागे चार-पाच मीटर, इथून सुरुवात कर आणि मग स्वतः पुढेमागे होऊन बघ. झाड फार लांब गेलं की सगळं विरघळून लगदा होतो, फार जवळ असलं की नुसतं गिचमिड.

जुनाट_झेनिट

दोन रिंगांचं मी सांगतो, कारण यावरून दर दोन महिन्यांनी कोणीतरी "लेन्स बिघडली" म्हणून येतंच.

याला प्रीसेट म्हणतात. कटकट करणारी रिंग म्हणजे मर्यादा, तिच्यावर एफ/८ लावलंत तर पाती एफ/८ च्या पुढे बंद होणार नाहीत, एवढंच ती सांगते. प्रत्यक्ष पाती हलवते ती दुसरी, बिनक्लिकवाली. म्हणजे एफ/८ लावूनही दुसरी रिंग उघडीकडे असेल तर तुम्ही एफ/२ लाच फोटो काढताय. ही लेन्स झेनिट-ई सारख्या कॅमेऱ्यांबरोबर यायची, त्यांच्यात बॉडीकडून पाती बंद करायची सोय नव्हती. अॅपर्चर बंद करून बघितलं तर व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट, मग फोकस काय कप्पाळ करणार. म्हणून पूर्ण उघडून फोकस करायचा, मग न बघता रिंग अडेपर्यंत फिरवायची आणि क्लिक. मिररलेसवर याची गरज नाही कारण स्क्रीन आपोआप उजळतो, कटकट रिंग एफ/१६ वर ठेवून द्या आणि फक्त दुसरी वापरा. व्हिडिओवाल्यांना तर ही बिनक्लिकची रिंग फार आवडते, शूट चालू असताना अॅपर्चर न अडखळता बदलता येतं.

घराणं सांगायचं तर मूळ डिझाइन जर्मन आहे, कार्ल झाइस येनाचं बायोटार ५८ मिमी एफ/२, विली मेर्टे यांच्या बायोटार मालिकेतलं, १९३६ च्या सुमाराचं. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचं तंत्र सोव्हिएत युनियनमधे गेलं आणि त्यातून हेलिओस ४४ आली. सहा काचा, चार गट. ५० ऐवजी ५८ का, तर एसएलआरमधे (आरशातून बघायच्या कॅमेऱ्यात) लेन्सच्या मागे आरशाला हलायला जागा सोडावी लागते आणि त्या काळी एवढ्या फास्ट (मोठ्या भोकाच्या) लेन्सला ५० मिमीमधे ती जागा देणं अवघड होतं.

४४-२ क्रास्नोगोर्स्क, वाल्दाई आणि मिन्स्क अशा तीन ठिकाणी बनायची. पुढच्या रिंगवर प्रिझममधून किरण जाताना दिसला तर ती क्रास्नोगोर्स्कची. सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात. "अमुक कारखान्याचीच घ्या" असं सांगणारे भेटतील, माझ्या मते त्यात फारसा अर्थ नाही. एवढ्या वर्षांत कोणी ती उघडून काचा उलट्यासुलट्या बसवल्या का नाही, याने जास्त फरक पडतो.

डिजिटल_दिगू

मला एक कळत नाही, लेन्स डिझाइन करणाऱ्यांनी अॅस्टिग्मॅटिझम घालवण्यासाठी जीव काढला आणि आपण तो शोधत फिरतोय. एफ/२ ला कडा मऊ, उजेडाकडे धरली की फोटो फिका, ऑटोफोकस नाही. दहातले आठ पोर्ट्रेट बघा, लोकांची नजर माणसाकडे न जाता मागच्या भोवऱ्याकडे जाते. एकदा गंमत म्हणून ठीक आहे. आणि त्या जुन्या लेन्सा रेडिओअॅक्टिव्ह पण असतात म्हणे.

जुनाट_झेनिट

@दिगू, सगळ्या नाहीत हो. काही जुन्या लेन्समधे थोरियमयुक्त काच वापरायचे, सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सात काचांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४. ती काच वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की पुन्हा बरीच निवळते. हेलिओस ४४-२ त्या यादीत येत नाही.

काचवेडा

दिगूचं अर्धं बरोबर आहे. प्रत्येक फोटोत भोवरा घातला की कंटाळा येतोच. पण ही लेन्स फक्त तेवढीच नाही. मधला भाग एफ/२ लाही बऱ्यापैकी शार्प असतो, फक्त कॉन्ट्रास्ट कमी असल्याने तो मऊ वाटतो. एफ/४ ते एफ/५.६ ला ही एकदम शहाण्यासारखी वागते आणि तेव्हा कोणी सांगितलं नाही तर ओळखूही येणार नाही. एकाच लेन्समधे दोन स्वभाव मिळतात आणि कुठला वापरायचा ते रिंगवर ठरतं, मला तर हेच आवडतं. शिवाय पाती आठ, त्यामुळे थोडी बंद केली तरी ठिपके फार टोकेरी होत नाहीत. नंतरच्या ४४एम मालिकेत अॅपर्चर ऑटोमॅटिक झालं पण बऱ्याच लेन्समधे पाती सहावर आली, मग ठिपके षटकोनी.

एपीएस-सीवर अजून एक उपाय म्हणजे फोकल रिड्यूसर, लेन्सचं चित्र लहान करून सेन्सरवर टाकणारा अॅडॅप्टर. ०.७१ पटवाला लावला की ५८ चं साधारण ४१ मिमी होतं, उजेड एक स्टॉपने (म्हणजे दुप्पट) वाढतो आणि कापलेल्या कडा बऱ्याचशा परत येतात. पण त्यात स्वतःच्या काचा असतात आणि स्वस्तातला असेल तर त्याचे दोष हेलिओसच्या नावावर जमा होतात.

सावलीतला

फिकेपणाबद्दल. ४४-२ वर साधं सिंगल कोटिंग (काचेची चकाकी कमी करणारा एकच थर) असतं, त्यामुळे ऊन तिरकं काचेवर पडलं की आतल्या आत उजेड फिरतो आणि काळे भाग राखाडी होतात. हूड लावा, ४९ मिमीच्या आट्याचं कुठलंही चालेल. हूड नसेल तर डाव्या हाताची सावली धरा, त्यानेही फरक लगेच स्क्रीनवर दिसतो.

तरीही फिकं येत असेल तर अॅडॅप्टरच्या आत डोकावून बघा. बऱ्याच अॅडॅप्टरची आतली नळी चकचकीत असते, आणि लेन्स फुल फ्रेमसाठी बनलेली असल्याने तुमच्या सेन्सरबाहेर पडणारा उजेड त्या नळीवर आपटून परत सेन्सरवर येतो. आत मखमली काळा कागद चिकटवला की काम झालं. लोक लेन्सला शिव्या घालतात आणि दोष त्या नळीचा असतो.

मग टॉर्च टेस्ट. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस. सगळीकडे सारखं धुकं असेल तर आतल्या काचेवर तेलाची वाफ बसलेली असू शकते, ते साफ होतं. पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका, ऑटोमॅटिक लेन्समधे त्याने पाती अडकून पडतात पण तुमची प्रीसेट आहे, पाती हाताने हलतात.

इन्फिनिटीचं पण सांगून टाकतो. एम४२ मधे लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई-माउंटचं १८, म्हणजे अॅडॅप्टर बरोबर २७.४६ मिमी जाड हवा. बनवणारे मुद्दाम किंचित कमी ठेवतात, कारण जाड झाला तर इन्फिनिटी कधीच येणार नाही, पातळ झाला तर फक्त खुणेच्या जरा अलीकडे येते. तुमच्याकडे तेच झालंय. खूण विसरा, स्क्रीनवर झूम करून फोकस करा. निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांची मात्र पंचाईत असते, त्यांच्या बॉडीचंच अंतर ४६.५, त्यामुळे मधे काच असलेला अॅडॅप्टर घ्या नाहीतर लांबचं विसरा.

उनाड_शटर

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. लिंबाचा प्रयोग लगेच केला, एकदम तस्संच दिसतंय. दाट झाडापुढे एफ/२ ला काढल्यावर कोपऱ्यात हलकी गरगर यायला लागलीये, फुल फ्रेमइतकी नाही पण आहे. आणि अॅडॅप्टर आतून आरशासारखा चकचकीत निघाला.

आता दोन नवीन शंका. फोकस मधे ठेवून करतो आणि मग फ्रेम सरकवून चेहरा कडेला नेतो तर डोळे सुटतात. आणि फोकस रिंग फार जड आहे, जवळ आणताना तर अख्खी लेन्सच अॅडॅप्टरमधून सुटायला लागते. थोडं तेल सोडू का?

काचवेडा

डोळे सुटणारच. मी वर फील्ड कर्व्हेचर म्हणालो ना, फोकस सपाट पडद्यावर नाही, वाकलेल्या पृष्ठभागावर असतो. मधे जमवलेला फोकस कडेला लागू होत नाही, त्यात फ्रेम सरकवताना अंतर पण बदलतं. आधी फ्रेम पक्की कर, मग झूमची चौकट थेट डोळ्यावर नेऊन तिथेच फोकस कर. फोकस पीकिंगच्या (जिथे शार्प आहे तिथे स्क्रीनवर उमटणाऱ्या) रंगीत रेषांवर एफ/२ ला विसंबू नकोस, त्या नाक आणि कान दोन्हीवर येतात.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने ५८ भर. क्रॉपचा (लहान सेन्सरमुळे दीडपटीचा) हिशोब करून ८७ भरायचं नाही, त्याने फोटो उलट जास्त हलतो.

सावलीतला

तेल अजिबात नको!! स्प्रे तर त्याहून नको. पातळ तेल आट्यांमधून उतरून काचेवर वाफ होऊन बसतं आणि मग आत्ता ज्या धुक्याबद्दल बोललो तेच होतं. जडपणा जुनं ग्रीस वाळल्यामुळे आहे. त्याला इलाज एकच, फोकसचा हेलिकॉइड (लेन्स पुढेमागे सरकवणारे आटे) उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं आणि लेन्ससाठीचं दाट ग्रीस अगदी पातळ लावायचं.

स्वतः करणार असाल तर आटे एकमेकांतून ज्या जागी सुटतात तिथे दोन्ही भागांवर बारीक ओरखडा मारून ठेवा आणि फोटो पण काढा. या आट्यांना सुरुवातीच्या जागा अनेक असतात, चुकीच्या जागी घुसले तरी छान बसल्यासारखे वाटतात, आणि सगळं जोडून झाल्यावर कळतं की इन्फिनिटी गेली. मग परत उघडा, पुढची जागा, परत जोडा. तोपर्यंत फिरवताना पुढून पकडू नका, अॅडॅप्टर एका हाताने घट्ट धरा म्हणजे सुटणार नाही.