चेकडिस्क राहू द्या, आधी फोटो उतरवा

लॅपटॉप कटकट आवाज करतो, फाइल उघडायला मिनिटं लागतात म्हणताय, आणि वर कुणीतरी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून चुका दुरुस्त करणारं साधन) चालवायला सांगितलंय. थांबा! मरायला टेकलेल्या डिस्कला ती दमछाक झेपत नाही. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५ आणि सी५ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर. माझा सी५चा आकडा सकाळी ८ होता, रात्री ७० (तोही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत; आपल्या मोजणीत ११२!). टक्-टक् लयीत सुरू झालं तर मात्र लगेच बंद करा. मी 'अजून एकदा' म्हणत चालू केला आणि डोहाळजेवणाचे फोटो घालवले. बायको अजून ऐकवते. पुण्याच्या तापकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्यायला जाण्याआधी लॅपटॉपला २.५ इंची साटा (चपट्या डबीसारखी) लागते की एम.२ (छोट्या पट्टीसारखी), ते बघून जा. माझ्या दोन चकरा झाल्या, त्याही शनिवारच्या गर्दीत.